साडूंच्या आडवाटेच्या खाणावळी

कोल्हापूर जिल्ह्यातला कुठलाही रस्ता, पाटीवर कोणत्याही गावाचं नाव असो, शेवटी एखाद्या खाणावळीलाच जातो यावर आमच्या साडूंची देवापेक्षा जास्त श्रद्धा आहे. राजारामपुरीत त्यांचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाइकाचा पंप बिघडला की ते स्वतः जातात. पण कधी जायचं ते पंपावर नाही, गावावर ठरतं. शिरोळकडून फोन आला तर बरोबर जेवणाच्या वेळेला पोचेल अशा बेतानं गाडी निघते. ज्या गावात धड वडासुद्धा मिळत नाही, तिथला पंप मात्र आठवडाभर तसाच पडून राहतो.

खाणावळ पारखण्याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. झगमगीत पाटी दिसली की ते गाडीचा वेग वाढवतात. "जिथं मेनूकार्ड हाय, तिथं एक बी गोष्ट धड येत न्हाय," हे त्यांचं ठाम मत. जागा पसंत पडली तरी ते टेबलावर बसत नाहीत. तडक चुलीपाशी जायचं, झाकण उचलायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मगच आम्हाला गाडीतून उतरायची परवानगी द्यायची. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मावशींनी त्यांना तपासणीला आलेला सरकारी साहेब समजून हात जोडले होते. साडूंनी तो गैरसमज मुळीच दूर केला नाही. पोटभर जेवले आणि निघताना गंभीरपणे म्हणाले, "रस्सा पास. कोथिंबीर तेवढी धुवून घालत जावा."

गडहिंग्लजला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा तर कहर झाला. वाटेत कुणीतरी सांगितलं की आतल्या एका वाडीत तांबडा रस्सा फार चांगला मिळतो. साडूंनी जरीकाठी फेट्यासकट गाडी आत वळवली. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती. मुलीच्या वडिलांनी तशातही आम्हाला पंगतीला बसायचा आग्रह केला, तर हे म्हणाले, "नको, जेवूनच आलोय." माझ्या थोरल्या मेहुणीबाई, म्हणजे त्यांची बायको, परतीच्या वाटेवर त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. साडूंना ते कळलंच नाही. ते रश्श्याबद्दल बोलत होते.

मागच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठले, पण झाकण उचलायचे बंद झाले. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. मग एका रविवारी त्यांनीच आम्हा दोघा नवराबायकोला आणि मेहुणीबाईंना गाडीत घातलं आणि कृष्णेकाठच्या अक्कांच्या खाणावळीत नेलं. अक्का घरी कानडी बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि साडूंना अण्णा म्हणतात. त्यांचं भरलं वांगं म्हणजे साडूंच्या लेखी देवस्थान. ताटं आली. पहिल्या घासालाच आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वांगं चांगलंच करपलेलं होतं. साडू मात्र मान डोलवत म्हणाले, "वा, अक्का. नेहमीसारखं."

अक्का पळी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. मग जवळ येऊन हळू म्हणाल्या, "अण्णा, तळाला लागलंय ते. तुम्ही रागवशीला म्हणून मी बाहेर आले न्हवते."

साडूंनी ताट जरा पुढं सरकवलं. "वासच येत न्हाय अक्का," ते म्हणाले. "तापापास्नं. चव बी कळत न्हाय."

मेहुणीबाईंचा घास हातातच राहिला. "मग घरी रोज चांगलं झालंय म्हणत होता, ते?"

"ते चांगलंच असणार की," साडू म्हणाले.

अक्कांनी ते ताट उचलून नेलं आणि फळीवरच्या चळतीतून एक कडक भाकरी आणली. ज्वारीची, पापडासारखी वाळलेली. मोडून तुकडा त्यांच्या हातात दिला. "ही चावा. हिचा आवाज तरी येतोय न्हवं?" साडूंनी तुकडा तोंडात टाकला. तो कुरकुरीत आवाज आम्हालाही ऐकू आला. ती अख्खी भाकरी त्यांनी खाली मान घालून संपवली, आणि मेहुणीबाई त्यांच्या वाटीत दही वाढत राहिल्या.

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल, कदाचित नाहीही येणार. साडूंनी गाडी काही थांबवलेली नाही. आता झाकणं मेहुणीबाई उचलतात, आणि जेवायला बसलं की साडू माझ्याकडे वळतात. "पावणं, सांगा." जन्मभर मी कुठल्याही जेवणाला 'छान' याच्यापलीकडे शब्द दिला नव्हता. आता चाचपडत सांगतो की आधी लसूण लागतो, मग भाजलेलं खोबरं, आणि तिखट मागाहून घशात येतं. साडू हातातला घास तसाच धरून ऐकतात, सासुरवाशिणीनं माहेरची खुशाली ऐकावी तसं. मी थांबलो, की थोडं पुढं सरकून विचारतात, "आनि?"