सुवर्णपदकाआधीचा नमस्कार

मालकीणबाईंनी साडी उलटी करून मागची बाजू पाहिली आणि कामवालीच्या अंगावर टाकली. "घे, तुला होईल." माझी आई समोरच उभी होती. तिला बसा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

ती करवतकाठी साडी आईनं हातमागावर महिनाभर खपून विणली होती, खास या घरासाठी. कारण मी एमएला विद्यापीठात पहिली आले होते, आणि आमच्या विषयाचं सुवर्णपदक या बाईंच्या सासऱ्यांच्या नावाचं. सासरे इतवारीतले कापडाचे मोठे व्यापारी. दीक्षान्त समारंभाच्या आदल्या दिवशी पदकवाल्यानं धरमपेठेतल्या या बंगल्यात यायचं, तसबिरीला हार घालायचा, घरच्यांच्या पाया पडायचं, फोटो काढायचा. हे कुठल्याच नियमात नाही. तरी सगळे निमूट येत. मीही आले. लाज वाटते सांगायला, पण नवी चप्पल घालून आले.

"आजवर चांगल्या घरची मुलं यायची," बाई फोटोवाल्याला म्हणाल्या. "यंदा कोष्ट्याची आली. चल, वाक."

माझं डोकंच फिरलं. तसबिरीतल्या माणसाला आई ओळखत होती. माझ्या आजोबांनी विणलेली लुगडी तो दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर फेकायचा. मी हार खाली ठेवला.

आई कुजबुजली, "पड वं पाया. मेडल जाईन तुयं."

"मी नाही पडत."

"मग पदक विसर," बाई म्हणाल्या. "आमचं आहे ते."

"नाव तुमचं आहे. पेपर मी लिहिले."

उमरेडला घरी परतताना बसमध्ये आई माझ्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी मंचावर आधी त्या सासऱ्यांचं नाव घेतलं, मग माझं. पदक मिळालं. ते गुणांवर विद्यापीठ देतं; अडवायची कोणाच्या बापाची हिंमत नव्हती.

आज मी त्याच विभागात शिकवते. यंदा विभागप्रमुख झाले आणि बंगल्यावरचा फोन माझ्याकडे आला.

"मुलीला उद्या पाठवा."

"नाही पाठवत."

"मग पदकच बंद करू आम्ही."

"करा."

पहिली आलेली पोरगी समोरच बसली होती. तिचं तोंड उतरलं. "मॅडम, काहून असं बोलल्या? माझं पदक गेलं तर?"

"गेलं तर गेलं," मी म्हटलं. "मी इथं आहे तोवर या विभागातली एकही पोरगी त्या तसबिरीपुढे वाकणार नाही."