जपानमधल्या दारातलं कमळ

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. ऑफिसात माझं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. कोणी असलं काही सांगितलं की मीच पहिली फिसकन हसते. तरी हे लिहितेय... कारण यातली चूक मला सापडत नाहीये.

मी मूळची नागपूरची. आता अमेरिकेतल्या बॉथेल गावात भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहते. रोज सकाळी दारात रांगोळीचं छोटंसं कमळ काढते आणि रोज मेंटेनन्सवाला ते पुसून जातो — हॉलवे क्लीन हवा म्हणे! ग्रीन कार्डाची वाट बघून केस पिकले, इथल्या घरांच्या किमती ऐकून तर घामच फुटतो. मला फक्त हक्काचा एक उंबरठा हवा होता.

म्हणून जपान. तिथल्या खेड्यांत कितीतरी घरं ओस पडलीत आणि परदेशी माणसालाही ती विकत घेता येतात. मंदार, माझा नवरा, म्हणाला, "यार, तू आधी फ्रीज आवर, मग जपान बघू."

"फ्रीजही आवरते आणि घरही घेते. बघच तू!"

डोंगराजवळचं एक लाकडी घर मनात भरलं. एजंट केंजीनं ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. पण घरमालक आजोबा अडून बसले. परदेशी लोक घर घेतात, पुन्हा फिरकत नाहीत आणि घर कुजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चूक नव्हतं. तरी मी हटले नाही. केंजीकरवी निरोप पाठवत राहिले — मी येईन, दार झाडीन, घर जागतं ठेवीन. सकाळी रांगोळी काढतानाही डोळ्यांसमोर तेच दार असायचं.

एका संध्याकाळी केंजीचा कॉल आला. "तुम्ही इथे आलात आणि मला सांगितलंही नाही?"

"कुठे आले?"

"शेजारच्या आजींनी आजोबांना फोन केला. एक परदेशी बाई रोज पहाटे येते, दार झाडते, पांढऱ्या पावडरनं फूल काढते. विकायचं तर तिलाच विका म्हणाल्या."

"अहो, मी जपानात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही!" तिथे पहाट असते तेव्हा इथे भर दुपार. मी मीटिंगमध्ये असते, कॅमेरा ऑन!

केंजी त्या घरासमोरच उभा होता. त्यानं फोन उंबऱ्याकडे वळवला. तिथे कमळ होतं आणि त्याची डावीकडची पाकळी बारकी होती. मी डावखुरी, ती पाकळी माझी कायम चुकते. आई त्यावरून चिडवायची. केंजीकडे मी रांगोळीचा विषयसुद्धा काढला नव्हता.

घाबरले, प्रचंड घाबरले. मंदार म्हणाला, "सोड ते घर, प्लीज."

"आता तर मुळीच नाही," मी म्हटलं. आजोबांनी होकार दिला होता. मी सह्या केल्या.

या वसंतात आम्ही दोघं तिथे गेलो. शेजारच्या आजी मोठा पांढरा मुळा घेऊन आल्या. रोजच्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून त्यांनी मान लववली. मग मंदारकडे पाहून हसल्या, काहीतरी बोलल्या. केंजी जरा अडखळत सांगू लागला, "त्या म्हणतात... आज पहिल्यांदाच एकटी आली नाहीस."

मंदारनं माझा हात घट्ट धरला.

सुट्टी संपली, आम्ही बॉथेलला परतलो. व्हिसाशिवाय तिथे कायमचं राहता येत नाही. पण केंजी सांगतो, दारात अजून रोज ताजं कमळ असतं. कसं, ते मला आजही कळलेलं नाही. आजोबांना शब्द मी दिला होता... तो पाळतंय कोण?