काळ्या दोऱ्याच्या चौदा गाठी

तेरा डिसेंबर, शनिवार. दुपारचे साडेबारा. काम होतं बिब धुण्याचं.

बिब म्हणजे खेळताना कपड्यांवरून घालायची बिनबाह्यांची बनियन. दोन संघांचे शर्ट एकाच रंगाचे आले, की एकाला बिब देतात. ज्यांच्याकडे शर्टच नाहीत त्यांनाही देतात. लोणावळ्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती. संघ पुण्या-मुंबईच्या शाळांचे. शर्ट नसलेला संघ एकच. आंदर मावळातला, आमच्या गावच्या शाळेचा.

मी तुंगार्लीत एका बंगल्यावर नऊ वर्षं कामाला होते. स्पर्धा तिथल्या मॅडमनी भरवलेली. म्हणून मैदानावरचा चहा, जेवण, धुणं सगळं माझ्याकडे. सकाळच्या मॅच झाल्या होत्या. तेच बिब धुऊन, वाळवून तीनच्या दोन मॅचना द्यायचे होते.

मॅडम नळापाशी आल्या. "मावशी, त्या गावाकडच्या मुलींचे वेगळ्या टबात हं. डेटॉल घाला. आणि नंतर मिक्स होऊ देऊ नका."

मी वर पाहिलं.

"पालक विचारतात हो. आमच्या मुलींना कुणाच्या अंगातलं घालायला देता म्हणून. मला उत्तर द्यावं लागतं ना."

मी म्हटलं, "बरं."

तेव्हा मैदानावर माइक चालू होता. पाहुणे सांगत होते, फुटबॉल समाजाला जोडतो, या हिरवळीवर कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. मागच्या फ्लेक्सवर आमच्याच पोरींचा मोठा फोटो होता. अनवाणी पाय दिसतील असा काढलेला. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या टबात पाणी सोडलं.

त्या संघात माझी मुलगी होती. ती आजीजवळ गावी राहते. मॅडमनी कधी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

बिब सगळे नारिंगी. वाळल्यावर कुठला कुणाचा हे कळणार नव्हतं. मॅडमनी काही सुचवलं नव्हतं. डोकं माझं मीच चालवलं. पिशवीत सुई आणि काळा दोरा असतोच. गळ्याच्या शिवणीला आतून एकेक गाठ मारली. चौदा बिब, चौदा गाठी. मॅडमना दाखवल्या.

"वा मावशी! हे मला सुचलंच नसतं."

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तीन वाजता बिब वाटताना गाठीचा एक चुकून दुसऱ्या गठ्ठ्यात गेला. शेजारच्या मॅचमधल्या पुण्याच्या एका मुलीनं तो घातला. तिची आई खुर्चीवरून उठली आणि तिनं पोरीचा गळा उलटा करून पाहिला. मॅडमनी पालकांना सांगून ठेवलं होतं, काळी गाठ असेल तो त्यांचा, तुम्ही काळजी करू नका. माझी खूण मैदानभर फिरली होती आणि मला पत्ता नव्हता.

"ईऽ! गाठ आहे! काढ. काढ आधी!"

"मम्मा, धुतलेला आहे तो."

"काढ म्हटलं ना!"

दोन बोटांनी धरून तिनं तो गवतावर टाकला. मग बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन पोरीची मान पुसली.

आमच्या पोरी दहा पावलांवर होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. ठाकरवाडीच्या एकीनं स्वतःचा गळा उलटा केला.

"अगं, माझ्या बी हाय."

"माझ्या बी."

"नजर लागू न्हाई म्हणून बांधलं व्हय गं आपल्याला?"

दोघीतिघी हसल्या. माझी हसली नाही. तिनं बिब काढून गाठ डोळ्यांजवळ धरली. तीन वेढे आणि वर एक उलटा फास. गोधडीचा दोरा संपला, की मी अशीच गाठ मारते. ती लहानपणापासून त्या गोधडीत झोपते. पाण्याच्या पिंपापाशी मी उभी होते, तिथं आली.

"आई, ही गाठ तुजी हाय."

"व्हय."

"का?"

मी पिंपाचा नळ घट्ट केला. तिनं बिब परत घातला आणि गेली.

आमच्यावर सहा गोल बसले. माझी मुलगी बचावाला खेळते. त्या मॅचला ती जागेवर नुसती उभी होती. बॉल शेजारून गेला तरी पाय उचलला नाही. खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्या! आल्या हेच खूप."

मॅच संपल्यावर शाळेचे सर माझ्याकडे आले. "ताई, काही बोलू नका. पुढच्या वर्षी बोलवायचे न्हाईत. पोरींना असं मैदान कुटं मिळायचं?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे पोरी भात काढलेल्या खाचरात खेळतात. धसकटं पायात घुसतात. हिरवळीवरच्या या दोन दिवसांबद्दल त्या वर्षभर बोलत असतात. मी बोलले असते, तर ते दोन दिवस गेले असते. मी रिकामे पेले गोळा करायला लागले.

संध्याकाळी बंगल्यावर भांडी घासत होते. मॅडमना सरांकडून कळलं होतं.

"अहो मावशी, तुमची मुलगी आहे त्यात? सांगायचं नाही का! तिचा बिब मी वेगळा ठेवला असता."

माझे हात थांबले. त्या अगदी आपुलकीनं बोलल्या होत्या. माझ्या एकटीच्या पोरीला उचलून इकडे घेतलं असतं, बाकीच्या तिथंच. मी खूश व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. दुपारी मी झालेच होते की खूश.

गावात माझ्या आईला प्यायला पाणी वरून ओतायचे. ती ओंजळ धरून वाकायची. पण ओतणारा हात दुसऱ्याचा होता. इथं हात माझा होता. सुई माझी, दोरा माझा, अक्कल माझी.

"आणि उद्या त्यांना खेळभावनेचं खास बक्षीस आहे," मॅडम म्हणाल्या. "फोटोला बिब स्वच्छ हवेत हं."

रविवारी सकाळी सहाला मी मैदानावरच्या नळावर होते. पाण्यानं बोटं बधिर होत होती. चाळीसच्या चाळीस बिब एका टबात भिजवले. आधी वाटलं, चौदा गाठी कापून टाकाव्यात. कात्री हातात घेतली होती. पण कापल्या असत्या, तर काल काही घडलंच नाही असं झालं असतं. मॅडमनाही तेच आवडलं असतं. मी कात्री ठेवली. ऊन आल्यावर बिब वाळत घातले आणि खाली बसून राहिलेल्या सव्वीसांना गाठी मारल्या. तीन वेढे, वर उलटा फास.

नऊ वाजता ढीग टेबलावर ठेवला. मॅडमनी एक गळा उलटा केला. मग दुसरा. मग पाच-सहा भराभर.

"मावशी, हे काय केलंत?"

"काल तुम्हाला आवडलं होतं. आज सगळ्यांना केलं."

"मग यातले त्यांचे कुठले?"

"ते आता मलाही सांगता यायचं नाही."

पालक जमले. कुणी बिबला हात लावेना. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काम सोडायचंय का तुम्हाला?"

मी कमरेची बंगल्याची किल्ली सोडवली आणि ढिगावर ठेवली. सर मान खाली घालून उभे होते. त्यांना म्हटलं, "पुढच्या वर्षी नाही बोलावलं तर खाचरातली धसकटं आपण उपटू. पण असं यायचं नाही."

पुण्याच्या पोरी आयांकडे बघत राहिल्या. माझ्या मुलीनं ढिगातला हाताला येईल तो बिब उचलला. गळा उलटा केला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि अंगात घातला. मागोमाग बाकीच्यांनी. माझ्याशी ती बोलली नाही. बोलावं असं मी काही केलंही नव्हतं.

मी सुई-दोरा पिशवीत टाकला. चहाची किटली होती तिथंच ठेवली आणि पालकांच्या खुर्च्यांच्या पुढे, मैदानाच्या रेघेला लागून उभी राहिले.