दुखवट्याआड लपलेला आजार

“हे नुसतं दुःख नाही, डिप्रेशन आहे,” डॉक्टर म्हणाल्या. डिप्रेशन म्हणजे नैराश्याचा आजार. वाशीच्या त्या दवाखान्यात माझ्यामागे नऊजण बसले होते आणि त्यांचा वेळ घेतल्याचं मला वाईट वाटत होतं.

माझी पत्नी सुमन जाऊन चौदा महिने झाले होते. वर्षभर आमच्याकडे सण नव्हता, गोडधोड नव्हतं. मी झोपत नव्हतो, जेवत नव्हतो. नातेवाईक म्हणत, किती मनापासून दुखवटा पाळतोय. मलाही तसंच वाटे. वर्षश्राद्ध झालं, सगळे आपापल्या कामाला लागले. मी तिथेच राहिलो.

आमच्या बोनकोडे गावातल्या शेजारीण म्हात्रेवहिनी एक दिवस दारात उभ्या राहिल्या. “भावजी, वरीस सरला ना? मंग अजून घरान बसून का? चला, खाली रिक्षा उभी हाय.” अशा रीतीने मी डॉक्टरांपुढे पोहोचलो.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल. घेतलेली लांब रजा संपत आली होती. दोन महिन्यांनी रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी ऑनलाइन सीबीटी सुचवली. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे मनातला विचार आणि त्यापायी होणारं वागणं कागदावर मांडून तपासायचं. आठवड्यातून एकदा मोबाइलवर समुपदेशक दिसायच्या. मधल्या दिवसांत गृहपाठ, रकान्यांचा तक्ता: प्रसंग, विचार, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा.

तीन आठवडे मी तो शुद्धलेखन तपासून पाठवला. चौथ्या बैठकीत त्या म्हणाल्या, “सर, हा निबंध झाला. आजची सकाळ सांगा.”

“दात घासले नाहीत.”

“हं. हे लिहा.”

मग मी खरं लिहिलं. विचार: बरा झालो तर सुमनचा दुखवटा मोडेल. विरुद्ध पुराव्याचा रकाना कोरा राहिला.

“सुमनताईंनी इथे काय लिहिलं असतं?” त्यांनी विचारलं.

“म्हणाली असती, आधी दाढी करा, भूत दिसताय.”

त्या हसल्या. मीही हसलो, आणि लगेच घाबरलो. “ही भीतीसुद्धा नोंदवा,” त्या म्हणाल्या.

पुढे सगळं सुरळीत झालं नाही. नेट गेल्याचं खोटं सांगून दोन बैठका चुकवल्या. एका आठवड्याचा गृहपाठ एवढाच होता: महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. तीन दिवस कोपऱ्यावरूनच परतलो. चौथ्या दिवशी फाटकाला हात लावला.

रजा संपली त्या सकाळी रुजू झालो. दुपारपर्यंत इतका थकलो की परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसलो. पण संध्याकाळपर्यंत थांबलो.

गोळ्या चालू आहेत. सुमनची आठवण रोज येते, ती आजारापासून वेगळी ओळखू येते. डॉक्टर, समुपदेशक आणि वहिनी, या तिघींचा मी ऋणी आहे.

तुमच्या घरी कोणी दुखवट्यात असेल तर वर्ष पुरं व्हायची वाट पाहू नका. जेवतो का, झोपतो का, विचारत राहा. आणि तो फारच नीट दुखवटा पाळत असेल, तर कौतुक करू नका. डॉक्टरकडे न्या.