शेजारच्या बाईंची टीम

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले, ते एप्रिलमध्ये. नागपूरचा उन्हाळा चुकेल आणि पावसाळा संपता संपता परत जातील, असं ठरलं होतं. मी लंडनमध्ये हॅरोला एकटी राहते, सिटीतल्या एका विमा कंपनीत नोकरी करते. उन्हाळ्याचं कारण सगळ्यांना सांगण्यापुरतं होतं. मला बाबांशी बोलायचं होतं.

आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं. फोन तीच उचलायची, तासभर बोलायची आणि शेवटी "घ्या, लेकीशी बोला" म्हणून बाबांच्या हातात द्यायची. बाबा विचारायचे, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "हो." "थंडी आहे?" "आहे." की फोन परत आईकडे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला माणूस. कामाचं बोलायचे, बाकी पेपर वाचायचे. मला वाटलं होतं, आता दोघंच असलो की बोलतील. इथे माझ्याशिवाय त्यांना आहे कोण?

ते कोणीतरी कुंपणापलीकडे निघालं.

शेजारी एक आयरिश बाई राहतात. साधारण बाबांच्याच वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कौन्सिलच्या लायब्ररीतून रिटायर झाल्यात. मी त्या घरात राहायला आल्यापासून आमचं बोलणं म्हणजे कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे, एवढंच. बाबा आले त्याच आठवड्यात मागच्या गार्डनमध्ये उभे होते. पलीकडे बाईंनी वाटाण्याच्या वेलाला आधार म्हणून एक काठी रोवली होती, खाली निमुळती आणि वर पसरट. बाबांनी कुंपणावरून विचारलं, "हॉकी?"

बाईंना ते लागलं. त्यांनी काठी जमिनीतून उपटली, माती पुसली आणि कुंपणावरून बाबांच्या हातात दिली. हे हॉकी नाही, हर्लिंग आहे, म्हणाल्या. आयर्लंडचा खेळ. यात चेंडू जमिनीवरून मारतात तसा हवेतूनही मारतात, हातात झेलतात, काठीच्या पात्यावर तोलून पळतात. गोलच्या आडव्या दांड्याखालून गेला तर तीन पॉइंट, वरून गेला तर एक. बाबांनी काठी दोन्ही हातांनी धरून हवेत फिरवून बघितली. मी किचनच्या खिडकीतून हे सगळं पाहत होते आणि मला मौज वाटली होती. बाबांना कंपनी मिळाली, बरं झालं, असंही मनात आलं होतं.

मे संपेपर्यंत ते बरं वाटणं संपलं. मी मेट्रोपॉलिटन लाईनच्या गाडीने उभ्याउभ्या घरी यायचे, दार उघडायचे, तर घर रिकामं. बाबा शेजारी. बाईंचा भाऊ स्टॅनमोरहून बसने यायचा, जन्मभर गवंडीकाम केलेला, कानाने जरा कमी. तिघं मिळून बाईंच्या किचनमध्ये मॅच बघायचे, नाहीतर झालेल्या मॅचवर बोलायचे. बाईंची काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, लहान. बाई शाळेत असताना ती एकदा ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकली होती, त्यानंतर कधीच नाही. यंदा मात्र एकामागून एक मॅच जिंकत चालली होती आणि बाबा, ज्यांनी आयर्लंड पाहिलेलं नाही, "आपली टीम" म्हणायला लागले होते.

"चहा घेता?" मी विचारायचे.

"झाला बाईंकडे."

जेवताना मी म्हणायचे, "बाबा, आज काय केलंत?" त्यावर "काही नाही." पण नंतर मी भांडी लावत असताना कुंपणाशी त्यांचा आवाज ऐकू यायचा. मोडक्यातोडक्या नाही, चांगल्या अस्खलित इंग्रजीत. "तुमचा मिडफिल्डर फार लवकर चेंडू सोडतो. त्याने थांबायला हवं." बाई काहीतरी म्हणायच्या आणि बाबा हसायचे. बाबांचं हसू इतकं मोठं असतं हे मला माहीतच नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला मी म्हटलं, "रविवारी ब्रायटनला जाऊ. समुद्र बघाल, मासे खाऊ."

"या रविवारी सेमीफायनल आहे, बेटा."

"बाबा, टीव्हीवरचीच मॅच ना ती?"

"पुढच्या रविवारी जाऊ," ते म्हणाले. पुढच्या रविवारी पाऊस होता. आणि सेमीफायनल बाईंच्या टीमने जिंकली होती, त्यामुळे आता फायनल.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात त्या किचनमध्ये दुसरा विषय नव्हता. समोरची टीम मोठ्या काउंटीची. गेल्या काही वर्षांत वरचेवर जिंकलेली. पेपरवाले, टीव्हीवाले, सगळे म्हणत होते की फायनल एकतर्फी होणार. एका संध्याकाळी जेवण गार होत होतं म्हणून मी बाबांना बोलवायला गेले. मागचं दार उघडंच होतं. भाऊ टेबलावर मिरपूड आणि मिठाच्या बाटल्या, चमचे, अंड्यांचे कप मांडून बचाव कसा लागणार ते दाखवत होता.

"पाऊस पडला तर आपण," भाऊ म्हणत होता. "चेंडू जड होतो, त्यांच्या पोरांचा वेग जातो."

"पाऊस नाहीये," बाई म्हणाल्या. "मी बघितलंय. पण आपला गोलकीपर आहे. तो चेंडू मारतो तो थेट पलीकडच्या टोकाला."

"आणि तुमच्या त्या फॉरवर्डची मांडी?" बाबांनी विचारलं.

"बरी आहे म्हणतात."

"म्हणतात," भाऊ म्हणाला आणि एक चमचा काढून बाजूला ठेवला.

मग बाबा बोलायला लागले. दारात मी उभी आहे हे कोणाला दिसलं नव्हतं. कॉलेजात असताना ते युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीममध्ये होते, लेफ्ट हाफ. जबलपूरला फायनल होती आणि नागपूरवाल्यांना कोणी मोजतच नव्हतं. हाफटाइमला हे एका गोलने पुढे होते. "आम्हाला वाटलं, झालं. पण त्यांच्याकडे बाहेर बसलेली मुलं आमच्या आतल्या मुलांपेक्षा चांगली होती. शेवटी शेवटी माझे पाय उचलत नव्हते. त्यांचा एक फॉरवर्ड शेवटचा गोल करायला माझ्याच बाजूने गेला. मी त्याचा शर्ट पकडू शकलो असतो, एवढा जवळून गेला." ती फायनल ते हरले. घरी येऊन त्यांनी स्टिक धाकट्या चुलतभावाला देऊन टाकली आणि पुन्हा कधी खेळले नाहीत.

बाईंनी विचारलं, "तुमच्या बायकोला माहीत होतं?"

"तिला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "तिला वाटायचं मी परत खेळावं."

मी दारातून मागे सरले आणि घरी आले. भाताकडे बघत बसले. आई माझ्याशी तासन्‌तास बोलायची, तिनेही हे कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आणि बाबा लेफ्ट हाफ होते, हे माझ्याआधी एका गवंड्याला आणि लायब्ररीतल्या बाईला कळलं. इतका हेवा मला आयुष्यात कोणाचाच वाटला नव्हता, कॉलेजातल्या मैत्रिणींचा नाही, ऑफिसात माझ्यापुढे गेलेल्यांचाही नाही. बाईंच्या सुरकुतलेल्या हातांचा, त्यांच्या सोडा ब्रेडचा, त्या टेबलावरच्या अंड्यांच्या कपांचासुद्धा राग आला.

थोड्या वेळाने बाबा आले. चेहरा उतरलेला. जेवायला बसले आणि स्वतःहून म्हणाले, जे ते कधी करत नाहीत, "बाई रागावल्या."

"का?"

"विचारलं, खरं सांगा काय होईल. मी खरं सांगितलं. दहा पॉइंटांनी हरतील."

"मग?"

"त्या म्हणाल्या, मग तुम्ही आमच्याबरोबर बघायलाच नको."

मी "अरेरे" म्हटलं आणि आतून मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

पुढचे दोन दिवस बाबा माझे होते. मी घरूनच काम केलं. गोळाभात केला, वरून हिंगाची फोडणी, आई करायची तसा. संध्याकाळी टेकडीवर चर्चपर्यंत फिरायला नेलं. खालचं सगळं लंडन दिसतं तिथून. बाबा बाकावर बसले, बघितलं, "छान आहे" म्हणाले. गोळाभाताला पण "छान" म्हणाले होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कॉलेजात काय काय करायचात?" ते म्हणाले, "अभ्यास." मी जरा थांबून म्हटलं, "त्या फॉरवर्डची मांडी बरी झाली असेल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, बेटा. तुला त्यात काय."

तुला त्यात काय. खरंच होतं ते. मला त्या मांडीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं.

शनिवारी दुपारी मी गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते. बाई कुंपणाशी आल्या. त्यांनी केस कापून घेतले होते. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांगशील? उद्या तीनला मॅच आहे. माझा भाऊ देवाचं नाव घेत बसणार, भाच्या फोनवर नुसत्या 'आपणच जिंकणार' म्हणतायत. मला शेजारी खरं बोलणारा कोणीतरी हवाय."

"सांगते," मी म्हटलं.

मी आत गेले आणि सांगितलं नाही. नंतर सांगू, असं स्वतःला म्हणत राहिले. चहाच्या वेळी वाटलं जेवताना सांगू. जेवताना मी उद्यासाठी ट्रेनच्या वेळा काढत होते, ब्रायटनच्या. बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि शांतपणे विचारलं, "बाई काय म्हणत होत्या?"

त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. दुपारपासून वाट बघत होते.

"उद्या बोलावलंय," मी म्हटलं. "तीन वाजता."

जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्री काढली आणि निळा शर्ट इस्त्री करत बसले. कॉलर दोनदा केली. लग्नाला जाताना करतात तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण बाईंनी खुर्ची पुढे केली, जसं काही माझी जागा ठरलेलीच होती. बाबांना त्या एवढंच म्हणाल्या, "दहा म्हणालात ना? बघू." बाबांनी मान हलवली. दोघांचं भांडण तिथेच संपलं.

मला खेळ फारसा कळला नाही. चेंडू इतका जोरात जायचा की दिसायचाच नाही, आवाजावरून कळायचं. पण मी खेळापेक्षा बाबांकडेच जास्त बघत होते. ते खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते, गुडघे आवळून. डावा पाय हलत होता. कोणी डाव्या बाजूने पळत आला की बाबांचा खांदा तिकडे झुकायचा. बाईंची टीम हाफटाइमला पुढे होती. भावाने डोळे मिटून घेतले. बाई बाबांकडे वळून म्हणाल्या, "आता काय?"

"आता ते बाहेरची मुलं आणतील," बाबा म्हणाले.

तसंच झालं. पण बाईंची पोरं दमली तरी मोडली नाहीत. तो मांडी दुखणारा फॉरवर्ड लंगडत लंगडत चेंडूमागे जात होता. स्कोर सारखा झाला, पुन्हा यांचा एक वर गेला, पुन्हा सारखा. एकदा बाबा उठून उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "अरे, थांब, थांब, आता मार." टीव्हीतल्या पोराने मारला आणि तो दांड्यावरून गेला. बाईंनी बाबांचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तो हात बघत होते.

अगदी शेवटी समोरच्या टीमला फ्री हिट मिळाली. त्यांच्या खेळाडूने ती लांबून दांड्यावरून घातली आणि शिट्टी झाली. एका पॉइंटने हरले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "तुम्ही दहा म्हणाला होतात."

"चुकलो," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा असा की माणसाला मोठं काहीतरी मिळालंय. "फार चुकलो मी."

घरी येताना, दहा पावलांचं अंतर, मी धीर करून विचारलं, "जबलपूरला तो तुमच्याच बाजूने गेला होता ना?"

बाबा दारात थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"ऐकलं मी. दारातून."

मला वाटलं आता सांगतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि म्हणाले, "हो. माझ्याच बाजूने." आणि आत जाऊन शर्ट बदलला. एवढंच. बाईंना पूर्ण गोष्ट, मला एक वाक्य. तरी ते वाक्य मला मिळालं.

सप्टेंबरमध्ये बाबा परत गेले. विमानतळावर बाई आणि त्यांचा भाऊपण आले होते. आता बाबांचा फोन येतो, बरी आहेस ना, थंडी आहे का. पूर्वीपेक्षा चार वाक्यं जास्त. बाईंना ते शनिवारी फोन करतात, हिवाळ्यातल्या लीगबद्दल बोलायला. मी शनिवारी दुपारी बाईंकडे चहाला जायला लागले आहे. त्या सोडा ब्रेड कापतात आणि मला माझ्या वडिलांबद्दल सांगतात. त्यांना सायकलवरून पडून झालेली जखम, आजोबांनी स्टिक चुलीत घालीन म्हणून दिलेली धमकी, आईने लग्नानंतर एकदा त्यांना हॉकीची मॅच बघायला ओढत नेलं ते. मी ऐकते. मधूनच बाई म्हणतात, "हे तुला माहीत असेलच."

मी "हो" म्हणते आणि त्यांचा हेवा करत पुढचं ऐकत राहते.