खाटेवरची गळती

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि पुढे आमच्या संसाराचेही झाले. नवऱ्याची बदली गोंदियाकडे झाली, म्हणजे आता दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मी सासऱ्यांसोबत इकडे वैनगंगेकाठच्या विणकरांच्या गावात. नवरा रविवारचा पाहुणा. आला की जेवायचा, झोपायचा आणि पावसाळ्यात छपरावर चढायचा.

घर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. आमच्याकडे पावसाच्या आधी घर फेरतात. सगळे कवेलू उतरवायचे, झटकायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा ओळीनं रचायचे. त्या वर्षी नवऱ्याला सुटी मिळाली नाही, गावात फेरणारे मिळाले नाहीत, आणि घर तसंच राहिलं. गळेल तिथे डांबरी पट्टी चिकटवू, असं नवरा म्हणाला. ती पट्टी आणि डांबराचा डबा त्यानं भंडाऱ्याहून आणला होता. त्या डब्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

समोरच्या खोलीत सासऱ्यांचा माग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि ताण्यावर, म्हणजे ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, लुगडं विणायचं. असा माग उचलून इकडचा तिकडे ठेवता येत नाही. तो दाराजवळ, उजेडाला, जिथे छप्पर उतरत खाली येतं तिथे. आणि सासऱ्यांची खाट मागच्या भिंतीशी, छप्पर उंच होतं त्या बाजूला. नवऱ्याला माग काढून, खड्डा बुजवून त्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. बापलेकांचं त्यावरून झालेलं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"खाटेवर गळो का अजून कुठी गळो, मी डांबर लावून देईन, बाबा. पण मागावर एक थेंब पडला का माग काढायचा. ओल्या ताण्यावर काय इणता तुमी?"

"बरं," सासरे म्हणाले.

मी नवऱ्याच्याच बाजूची होते. सासऱ्यांच्या छातीत कफ असायचा, गुडघे धरलेले, आणि दिवसभर त्या मागाची खटखट माझ्या डोक्यात. निघाला तर बरं, असंच मला वाटायचं.

पाऊस लागला आणि खाटेवर गळू लागलं. रविवारी नवरा चढला, पट्टी चिकटवली, हात काळे करून उतरला. पुढच्या पावसात खाट पुन्हा ओली. पुन्हा रविवार, पुन्हा डांबर. पट्टी जागच्या जागी घट्ट असायची आणि तिच्या शेजारचा कवेलू सरकलेला.

"माकडं," नवरा म्हणायचा. "दुसरं कोण?"

माकडं आमच्याकडे आहेत, नाही असं नाही. पण भर पावसात ती चिंचेच्या झाडात अंग चोरून बसतात, हे मी रोज पाहत होते. त्यातून एखादं उठून आमच्याच घरावर यावं, आणि नेमका खाटेवरचाच कवेलू सरकवून जावं? मला काही समजेना. सासऱ्यांना म्हटलं, आत झोपायला या. तर मागापासून लांब झोप येत नाही म्हणे. खोलीत माग सोडला तर खाटेपुरतीच जागा, म्हणून खाटही हलवता येत नव्हती. खाटेवर मी घमेलं ठेवायची, तरी शिंतोड्यांनी गोधडी ओली व्हायची आणि खोकला वाढायचा. मी माकडांना शिव्या घालायची, डांबराला घालायची, आणि नवरा आला की त्यालाही.

एका दुपारी मी चक्कीवरून दळण घेऊन परतले. पाऊस धो धो. दारात छत्री मिटली आणि तशीच उभी राहिले. सासरे खाटेवर उभे होते, हातात बांबू, आणि खालून कवेलू ढोसत होते. गळायला लागलं की खालून बांबूनं कवेलू नीट बसवायचा, ही आमच्या गावात घरोघरची सवय. त्यात एक बसतो आणि दोन उठतात, ते सोडा. मला वाटलं, गळती बंद करत असतील. पण त्यांनी कवेलू सरकवला आणि पाण्याची धारच खाटेवर सुरू झाली. ते खाली उतरले, मागाजवळ गेले, ताण्यावरून तळवा फिरवला, वर पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

"मामाजी, हे काय करून राहिले तुमी?"

ते दचकले. "गळून राहिलं होतं, बाई."

"गळून तं आता राहिलं!"

"हो. आता खाटेवर गळते."

मग त्यांनी बांबूनं दाखवलं. मागाच्या वरचा एक कवेलू फुटला होता. पाणी वरून वाहत आलं की तिथून थेट ताण्यावर पडणार. म्हणून ते पाण्याला वरच, खाटेपाशी, वाट करून देत होते, म्हणजे ते खालपर्यंत पोचतच नव्हतं. नवरा दर रविवारी ती वाट बंद करायचा आणि हे नंतर उघडायचे.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलो असतो तं माग काढला असता तुमी."

त्या 'तुमी'त मीही होते. मला राग आला. त्यांचा, की नवऱ्याचा, की माझाच, ते आजही नीट सांगता येणार नाही.

नवऱ्याला सांगावं की नाही, यावर माझं दिवसभर एक मत टिकायचं नाही. सांगितलं तर माग जाणार. नाही सांगितलं तर ओल्या खाटेवर सासरे जाणार. शेवटी रविवारी त्याच्या ताटात भात वाढता वाढता सांगून टाकलं. तो जेवला, हात धुतला, शिडी लावली. पाऊस थांबला होता. चेहऱ्यावरून काही कळेना: हा फुटका कवेलू बदलायला चालला, की मागाचा निकाल लावायला?

वर कवेलू काढल्याचा आवाज आला, मागाच्या वर उजेडाचा चौकोन पडला आणि त्याच वेळी सर आली. मी गोधडी आणायला आत धावले. परतले तर सासरे मागावर बसून पुढे वाकले होते, दोन्ही हात पसरून, ताण्याला छाती न लावता. त्या चौकोनातून पाणी सरळ त्यांच्या पाठीवर पडत होतं. बनियन अंगाला चिकटली होती.

"खाली पाणी येते का?" नवरा वरून ओरडला.

मी तोंड उघडलं. पण मान वर न करता सासरेच म्हणाले, "नाही. कोरडं आहे. कर तू आपलं काम."

मग त्या चौकोनात नवऱ्याचं डोकं आलं. त्यानं खाली पाहिलं. बापाची पाठ पाहिली.

डोकं मागे गेलं आणि एकदम खोलीत अंधार झाला, पाणीही थांबलं. कवेलू कडाकड फुटल्याचा आवाज आला. मी गोधडी घेऊन अंगणात पळाले. नवरा छपरावर पालथा पडला होता, त्या भोकावर पोट टेकून. त्याच्या वजनानं आजूबाजूचे चांगले कवेलूही फुटत होते, आणि तो तोंडावरचं पाणी थुंकत ओरडत होता, "बाबा, उठा तिथून! माग मी झाकला!"

"तू उतर आधी, पडशील!" आतून सासरे ओरडले.

दोघंही हलेनात. मी गोधडी छातीशी धरून पावसात उभी होते, आणि ती आधी कोणावर टाकावी, ते मला कळेना.