कस्तुरी न कळणारे पाव्हणे

अत्तराच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. गिऱ्हाईक वास घेऊन निघून जातं, किस्सा तेवढा मागं राहतो. नांदेडच्या आमच्या दुकानातले निम्मे किस्से तर माझ्या लातूरच्या सासुरवाडीचेच आहेत!

माझ्या लग्नात आप्पा, म्हणजे माझे वडील, मांडवाच्या दारात स्वतः उभे. प्रत्येकाच्या मनगटावर कस्तुरी अत्तर लावत होते. सासऱ्यांनी हात हुंगला आणि भोळेपणानं विचारलं, "पाव्हणं, नुसतं तेल लावून राहिले का?" आप्पांना वाटलं, अपमान! त्यांनी आणखी लावलं. सासरे म्हणाले, "अजून बी न्हाई येत." अख्खी बाटली संपली. आमच्याकडच्यांची डोकी दुखायला लागली आणि लातूरकर निवांत जेवत होते.

पहिल्या दिवाळीला बायकोला, अनिताला, मी दुकानातली सर्वांत भारी कस्तुरी दिली. संध्याकाळी बघतो तर अर्धी गल्ली आमच्या दारात! "बिनवासाचं तेल दिसलं," अनिता म्हणाली, "समईत घातलं."

मग मेव्हणा बालाजी. लातूरला परत निघताना त्यानं हौसेनं कस्तुरी लावली. वास येईना म्हणून मानेला, शर्टाला, रुमालाला थापली. पोचल्यावर फोन आला, "दाजी, नांदेडची माणसं लई चांगली! बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलंच न्हाई. पुढचे बी उठून मागं गेले!"

या सगळ्यांना गुलाब कळतो, वाळा कळतो. नडते ती एकटी कस्तुरी. आमची लेक रेवती जीवशास्त्र शिकून आली तेव्हा उलगडा झाला. "आप्पा, काही नाकांना काही वास कळतच नाहीत. ते जीन्समधून येतं. घराण्यात चालतं."

आप्पा म्हणाले, "मंग पत्रिका कशाला बघितली? नाकंच बघायची होती!"

सगळे हसले. रेवती हसली नाही. तिलाही कस्तुरी कळत नव्हती, आणि तिला दुकान चालवायचं होतं. "ज्याला कस्तुरी कळत न्हाई, त्यानं गादीवर बसायचं न्हाई," हा आप्पांचा कायदा. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं, पण आप्पांपुढं बोलायची माझी काय टाप!

गेल्या लग्नसराईत जळकोटहून एक नवरा-बायको मुलीच्या लग्नासाठी अत्तर घ्यायला आले. आप्पांनी नवऱ्याच्या हाताला कस्तुरी लावली. तो हुंगून म्हणाला, "आजोबा, ह्याला वासच न्हाई की!"

आप्पा तापले. "आधी नाक दाखवून या!"

माणूस उठून चपला घालायला लागला. तेवढ्यात मागं माल लावत असलेली रेवती धावत पुढं आली. "काका, थांबा. मला बी येत न्हाई. आपल्यासारखी नाकं असतात. तुम्ही वाळा बघा, हे काकूंना हुंगू द्या."

काकूंनी कस्तुरीचा फाया नाकाला लावला तो सोडीचनात! काकांना वाळा पसंत पडला. दोन्ही बाटल्या घेतल्या, वर मांडवात लावायला वेगळं अत्तर. जाताना काका म्हणाले, "आजोबा, पोरगी खरं बोलती. हिलाच पुढं बसवा."

आप्पा गादीवरून उठले, फडकं घेतलं आणि बाटल्या पुसायला लागले.

"रेवती, बस इथं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाशी तूच बोल. मी बोललो की लोक चपला घालून राहिले!"